चारशे बारा लाल टेस्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

कागदावर लिहिते आहे, कारण माझ्या मेल तू न उघडताच काढून टाकतेस असं आई म्हणाली. पाकीट फाडायला निदान दोन हात लागतात. तेवढा वेळ तरी मला मिळेल.

कामाचंच लिहिते. रक्ताच्या पिशव्यांची लेबलं छापणारा आपला प्रोग्राम ज्या सिस्टिमवर चालतो तिची नवी आवृत्ती आली आहे आणि सगळ्या रक्तपेढ्यांना महिनाअखेरपर्यंत तिच्यावर न्यायचं आहे. शुक्रवारी मी प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट पहिल्यांदा तिच्यावर चालवल्या. चारशे बारापैकी चारशे बारा लाल, म्हणजे नापास. कारण काय, तर आता प्रत्येक एरर मेसेजच्या आधी कमांडचं नाव येतं आणि फाईलच्या नावाला अवतरणचिन्हं लागतात. आपल्या टेस्ट मेसेजचं अक्षर न् अक्षर ताडून बघतात, त्यामुळे तेवढ्यानेही त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

उरकसाहेबांना सांगितलं. (नाव तूच ठेवलंस, अजून टिकून आहे. त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे.) ते म्हणाले, "अहो मॅडम, या टेस्ट म्हणजे खाष्ट सासवा. काहीही करा, नाक मुरडणारच. एक तर नवे मेसेजच बरोबर धरून सगळ्या मान्य करून टाका, नाहीतर काढून टाका. एकवीस तारखेच्या आत मला हिरवं पाहिजे."

"मी वाचणार आहे," मी म्हटलं.

"काय वाचणार?"

"चारशे बाराच्या चारशे बारा."

"पारायण मांडताय काय?"

मी हो म्हणाले. जागेवर येऊन बसले तेव्हा कळलं, हो म्हणणं सोपं असतं.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला होता. तुझ्याच घरून, तू कॉलेजात शिकवायला गेल्यावर. म्हणाली, "तुमचं दोघींचं नक्की कशावरून बिनसलं ते मला एकदा नीट कळू दे. चार वर्षं मी तुमच्यामध्ये पोस्टमन झालेय. पोस्टमनला पगार तरी असतो."

मी तिला समजेल असं सांगितलं. एकाच पिशवीचा रक्तगट दोन नोंदवह्यांत वेगवेगळा असेल, तर आमच्या प्रोग्रामने थांबायचं असतं, लेबल छापायचं नसतं. ताईने सगळे रुक्ष मेसेज बदलून माणसांना कळतील असे केले, तेव्हा एका ठिकाणी थांबायची ओळ गेली. प्रोग्राम ओरडला पण थांबला नाही. लेबल छापलं गेलं, पिशवीला लागलं. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंनी पिशवी देण्याआधी हाताने गट पुन्हा तपासला, म्हणून एक पेशंट वाचला. चौकशी झाली. अहवालात ताईचं नाव आलं आणि तिने राजीनामा दिला.

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "तुझं आणि तिचं काय झालं?"

"साहेबांनी चौकशीत मला विचारलं, टेस्टनी काही दाखवलं नाही का? मी सांगितलं, टेस्ट हिरव्या होत्या."

"मग?"

"मग काही नाही."

आई "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"चं वजन तुला सांगायला नको.

मला एकच विचारायचं आहे. थांबायची ओळ तेव्हा मेसेजच्या शेजारीच होती का? जुना कोड काढून बघितलं तर सापडेल, मला कळतं. तरी तुला विचारते.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

उत्तर नाही, अपेक्षाही नव्हती. आई म्हणाली पाकीट तू उघडलं नाहीस, पण टाकलंही नाहीस. शब्दकोशाच्या खाली ठेवलंस. चालेल.

वाचन कसं चाललंय ते सांगते. स्क्रीनवर डावीकडे जुना मेसेज, उजवीकडे नवा. डोळा घसरू नये म्हणून मी लाकडी पट्टी स्क्रीनवर आडवी धरून एकेक ओळ खाली सरकते. हिशेब विभागातल्या बाई रोज येता-जाता विचारतात, "काय मापताय?" शेजारी वही आहे. प्रत्येक टेस्टचा क्रमांक, आणि पुढे "वाचली". नुसतं "बघितली" लिहायची मी स्वतःला बंदी घातली आहे. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस होतात. त्यानंतर सगळ्या ओळी सारख्या दिसायला लागतात, तेव्हा थांबते, कारण नेमकं तेव्हाच काहीतरी निसटतं.

नुसती वाचत नाही, बदलतेही आहे. आता प्रत्येक टेस्ट तीन गोष्टी बघते. चूक झाल्यावर प्रोग्राम थांबला का? थांबताना मागे ठेवायचा आकडा शून्य सोडून दुसरा आहे का? (तुझ्या विद्यार्थ्यांना हे तू पहिल्याच दिवशी सांगत असशील: शून्य म्हणजे सगळं आलबेल, बाकी काहीही म्हणजे गडबड.) आणि मेसेजमध्ये पिशवीचा क्रमांक आहे का? बाकी वाक्य कसंही असो.

हे तुझंच म्हणणं. आठवतं ना किती वाजायचं आपलं? "ए शहाणे, माझ्या वाक्यातल्या स्वल्पविरामाची कसली राखण करत बसतेस? प्रोग्राम थांबला का ते बघ की." आणि मी म्हणायचे, "तू आधी कपडे बदलावेत तसे मेसेज बदलणं थांबव." अक्षर न् अक्षर जुळवायचं म्हणजे काटेकोरपणा, असं मला वाटायचं. त्या टेस्ट आकड्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. शब्द सगळे पाठ, आणि प्रोग्राम थांबला की पुढे गेला याची खबर नाही.

आता फुशारकी. मंगळवारी अठ्ठ्याऐंशी नंबरला मला एक खरी चूक सापडली. डिस्क भरली की मेसेज बरोबर येतो, पण अर्धवट लिहिलेली नोंदवही तशीच मागे राहते. जुन्या आवृत्तीत ती पुसली जायची. टेस्टमध्ये तो फरक एका ओळीचा होता, आणि ती ओळ बाकी बदललेल्या सोळा निरुपद्रवी ओळींच्या मध्ये चोरासारखी बसली होती. मी उरकसाहेबांना बोलावून पट्टी धरून दाखवलं.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "आणि हे मान्य करून टाकलं असतं तर?"

"तर कुठल्यातरी पेढीने अर्धी वही पूर्ण समजून वापरली असती."

"हं," म्हणाले. उरकसाहेबांच्या तोंडून "हं"! मी जागेवर परतले तेव्हा हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, "मानेत लचक भरलीय का? एवढी ताठ का?"

गुरुवारी आणखी एक सापडली. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो सांगायला तुझ्याशिवाय कोणी सुचलं नाही. जिला यातलं सगळं कळतं तीच माझ्याशी बोलत नाही. तक्रार नाही करत. तक्रारीचा हक्क माझा नाही.

तू मेसेज बदललेस त्या जुन्या दिवशी कामाची घाई होती, एवढं आज लिहिते. पुढचं लिहायला घेतलं होतं, पण खोडलं.

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

आज दोनशे सात नंबर आला. दोन वह्यांत वेगळा रक्तगट असलेल्या पिशवीची टेस्ट. सापडलेल्या चुका दुरुस्त करण्यात मधले दोन-तीन दिवस गेले, तरी बुधवारी ती येणार हे मला गेल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि मी मंगळवारी मुद्दाम हळू वाचलं.

पहिल्या पत्रात आईशी झालेलं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं. पण आईला जे सांगितलं नाही, ते तुलाही लिहिलं नाही. टेस्ट हिरव्या होत्या, कारण मी त्या हिरव्या केल्या होत्या.

तू मेसेज बदललेस त्या दिवशी तेव्हाच्या तीनशे अठरा टेस्ट लाल झाल्या. मी तुझ्यावर जाम वैतागले होते. असल्या वेळेसाठी मी स्वतः एक कमांड लिहून ठेवली होती, आणि ती लिहिल्याची मला मोठी घमेंड होती: आत्ता जे काही छापलं जातंय तेच बरोबर धरायचं, सगळ्या टेस्टसाठी, एका फटक्यात. नोंद आजही जागेवर आहे. अकरा बेचाळीसला तीनशे अठरा लाल, अकरा त्रेचाळीसला तीनशे अठरा मान्य. माझ्या नावाने.

त्या दिवशी मान्य झालेली दोनशे सातची फाईल मी आज उघडली. अशी आहे:

या पिशवीचा रक्तगट दोन नोंदवह्यांत वेगळा आहे.
पिशवी बाजूला ठेवा आणि गट पुन्हा तपासा.
लेबल छापलं: १

तिसरी ओळ, ताई. चष्मा न लावताही दिसते. टेस्टने तिचं काम चोख केलं होतं. ती लाल झाली, तिने ओळ समोर मांडली. तीनशे सतरा जणी विनाकारण ओरडत होत्या आणि एक खरंच मदत मागत होती, आणि मी सगळ्यांचं तोंड एकदम बंद केलं.

मी रोज डायरी लिहिते हे तुला माहीत आहे. त्या दिवसाचं पान काढलं. "टेस्ट मान्य केल्या, पाच मिनिटांत सुटले. संध्याकाळी ताईबरोबर चपला घ्यायला गेले. तिने दुकानदाराला हसवून हसवून बेजार केलं." एवढंच. नोंदीत अपराधाचा लवलेश नाही, कारण मला अपराध कळलाच नव्हता. कळला तो तीन आठवड्यांनी, चौकशीच्या आदल्या दिवशी. म्हणजे साहेबांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं. "टेस्ट हिरव्या होत्या" हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नाही, हे चारचारदा तपासून.

तू समोरच बसली होतीस, माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. दोन महिन्यांनी मला चाचणी विभागाची प्रमुख केलं. कारण दिलं होतं, "काटेकोरपणा".

आता एकोणीस तारखेला बैठक आहे, तिथे हे सांगायचं ठरवते आहे. नोकरी जाईल का, याची भीती आहेच. पण दुसरी एक शंका जास्त छळते. दोन खऱ्या चुका पकडल्या, चारजणांनी पाठ थोपटली, आणि आता कबुली दिली तर तीही माझ्याच पराक्रमात जमा होईल, असा माझा आतला डाव तर नाही ना? खूप विचार केला. डाव असला तरी तुझं नाव त्या अहवालातून निघायला हवं, इतकं मात्र नक्की. हेतू शुद्ध होईपर्यंत थांबले तर आणखी चार वर्षं जातील.

धाकटी


१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

काल दुपारी चारशे बारावी वाचली. चार खऱ्या चुका निघाल्या, चारही दुरुस्त केल्या. वहीत चारशे बारा वेळा "वाचली" आहे आणि त्यातलं एकही खोटं नाही. हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, म्हणून दोनदा वाचलं.

आज बैठक. मोठं टेबल, नऊ माणसं, आणि रक्तपेढीकडून त्याच तंत्रज्ञ बाई, नवी आवृत्ती आधी आपण हाताळून बघणार म्हणून आलेल्या. उरकसाहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. "आमच्या मॅडमनी पारायण पूर्ण केलं!" टाळ्या वाजल्या. टाळ्या संपायच्या आत उठले, नाहीतर उठलेच नसते.

दोनशे सातची जुनी फाईल मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. टेबलावर ठेवली, तिसरी ओळ वाचून दाखवली, वेळ सांगितली, नाव सांगितलं. मग चौकशीत मी काय बोलले होते आणि काय बोलले नव्हते तेही.

साहेब हळूच म्हणाले, "अहो मॅडम, गाडलेलं कशाला उकरताय? आता त्याचं काय?"

"माझ्या बहिणीचं नाव गाडलंय त्यात."

"त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, चूक माझी."

"तिच्या वाट्याची म्हणाली होती. माझ्या वाट्याचं मी बोलले नाही."

तंत्रज्ञ बाईंनी तो कागद स्वतःकडे ओढला. "म्हणजे हे तुमच्या समोर आलं होतं?"

"हो."

"आणि वाचलं नाहीत?"

"नाही."

"मी रोज साठ-साठ पिशव्या वाचते," त्या म्हणाल्या. "कंटाळा मलाही येतो. पण पिशवी माझ्या हातून पुढे कुणाच्या हाताला लागणार ते मला दिसत असतं. तुम्हाला ते दिसत नाही, हाच फरक." मग कागद परत सरकवला. "आता सांगितलंत ते बरं केलंत. लवकर सांगायला हवं होतं."

याहून कडक कोणी काही बोललं नाही, आणि याहून न्यायाचंही नाही.

मी दोन गोष्टी मागितल्या. ती "सगळ्या मान्य" कमांड आजच्या आज काढून टाकायची. यापुढे एकेक टेस्ट वाचून, दुसऱ्या कोणाच्या तरी सहीनेच मान्य होईल. आणि अहवाल दुरुस्त करायचा. पहिली लगेच कबूल झाली. दुसरीला साहेब म्हणाले, ज्यांचं नाव अहवालात आहे त्यांची सही लागेल. माझ्या खुर्चीचं वरचे लोक ठरवतील. ठरवू देत.

बाहेर आले आणि ताई, मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला. त्याच्याकडे चारी बाजूंनी बघितलं. थोडी फुशारकी आहे त्यात, आहेच. पण बराचसा खरा निघाला.

दुरुस्त अहवाल सोबत आहे, सात पानं, मीच लिहिला. एकच विनंती. न वाचता सही करू नकोस. मला खूश करायला नको, आणि विषय मिटवायलाही नको. एकेक ओळ वाच, चूक दिसेल तिथे लाल कर.

धाकटी


६ मार्च, गुरुवार

ताई,

परवा पाकीट आलं. अक्षर ओळखलं आणि ते हातात घेऊन जिन्यातच बसले.

सही नव्हती. चौथं पान लालेलाल होतं. मी लिहिलं होतं, "संपूर्ण जबाबदारी चाचणी विभागाची." "संपूर्ण"वर तू अशी रेघ मारलीस की कागद फाटलाय. आणि समासात लिहिलंस:

"चूक. थांबायची ओळ मेसेजच्या शेजारीच होती, हे तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. ती मी स्वतः काढली. मेसेज दाखवणारं नवं फंक्शनच प्रोग्राम थांबवेल असं गृहीत धरलं आणि एकदाही चालवून बघितलं नाही. ही चूक माझी आहे, ती मी चार वर्षं सांभाळली आहे, आणि ती तुझ्या नावावर लिहून द्यायची माझी तयारी नाही. शहाणे, तुला सगळंच स्वतःकडे लागतं, लहानपणापासून. तू न वाचता मान्य केलंस, ते तुझं. हे दुरुस्त कर, मग सही करीन."

त्याखाली, बारीक अक्षरात: "चूक कुणाच्या हातूनही होते. तू कॅलेंडर बघत बसलीस, ते मात्र अजून जात नाही. जाईल तेव्हा कळवीन."

हे वाक्य मी डायरीत उतरवून घेतलं. वाट बघीन.

पान चार दुरुस्त केलं आहे. आता त्यात दोन नावं आहेत, आधी तुझं, मग माझं, प्रत्येकीपुढे जिची तिची चूक. आडनाव एकच, म्हणून टंकलेखनवाल्याने विचारलं, "एकदाच लिहू का?" मी म्हटलं, दोनदा लिही. पेनाने सही करायला दोघींच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. माझी सही तुझ्यानंतर करीन.

विभागप्रमुख आता दुसरे कोणी झाले. मी त्यांच्या हाताखाली टेस्ट वाचते. लोक हळहळतात, पण गेल्या चार वर्षांत त्या खुर्चीवर बसून इतकी ताठ मान माझी कधी नव्हती.

सहाव्या पानावर तुला राहवलं नाही. अहवालात फक्त पुरावा म्हणून दिलेला मेसेजही तू लाल केलास! "पिशवी बाजूला ठेवा" खोडून लिहिलंस, "ही पिशवी कोणालाही देऊ नका." आणि कारण: "बाजूला ठेवलेलं कोणीही उचलतं." मी वाचता वाचता मोठ्याने हसले. हिशेबवाल्या बाई दारापर्यंत येऊन बघून गेल्या.

काल तुझं वाक्य प्रोग्राममध्ये घातलं. नव्या नियमाप्रमाणे दुसऱ्याने वाचलं, सही केली. मग सगळ्या टेस्ट चालवल्या आणि पट्टी हातात घेऊन, सवयीने, वाट बघत बसले. पूर्वीच्या टेस्ट असत्या तर या एका वाक्याने अठरा तरी लाल झाल्या असत्या आणि मी मनात तुझा उद्धार केला असता.

एकही लाल झाली नाही. प्रोग्राम थांबतो, आकडा शून्य नाही, लेबल छापत नाही, पिशवीचा क्रमांक दिसतो. बाकी शब्द तुझे. आज सकाळी ते सगळ्या रक्तपेढ्यांत पोचले.

अजून साठेक मेसेज रुक्ष आहेत. यादी सोबत जोडली आहे. हवे तसे बदल, हवे तितक्या वेळा बदल. माझी एकही टेस्ट हूं की चूं करणार नाही.

धाकटी